मेंढवाडा आणि कळप

रविवार, रात्रीचे साडेनऊ

कुलर नुसता गरम हवा फेकतोय. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय घेतला. माझं मन मात्र आत्याच्या मातीतच अडकलेलं. आत्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाची. थोरला मुलगा लग्नापायी कॅथलिक झालेला. धाकटा पेंटेकॉस्टल या तिसऱ्याच पंथाच्या सभेत जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आलेला, कारण तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी तिकडे धरत नाहीत. आत्या बर्फावर, आणि आतल्या खोलीत शेवटची प्रार्थना कोणी करायची यावर वाद! शेवटी दोन प्रार्थना झाल्या. दुसरी सुरू असताना पहिलीवाले फाटकाशी मोबाइल बघत उभे.

आत्या असती तर हसली असती. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', स्थापन झाली, तेव्हा ती गर्दीत होती. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेली संयुक्त मंडळी, अशी सहा घरं एका छताखाली आली. बोलणी १९२९ पासूनची, म्हणजे ४१ वर्षांची सोयरीक. पण अमेरिकन मिशनचे मेथडिस्ट, म्हणजे आत्याचीच मंडळी, ऐन वेळी बाहेर राहिली. ती सांगायची, "वरात निघाली आन् नवरदेव रुसला." आमचे बाबा जोडलेल्या मंडळीत आणि बहीण बाहेर, रविवारी सकाळी सायकली दोन दिशांना जायच्या, दुपारचं सावजी मटण मात्र एकत्र.

दुपारी त्याच अध्यायातलं १६ वं वचन पुन्हा वाचलं. या मेंढवाड्यातली नसलेली माझी आणखी मेंढरं आहेत, प्रभू म्हणतो. पुढे एक कळप, एक मेंढपाळ. वाडा एक होईल असं तो म्हणतच नाही! मूळ ग्रीकमध्ये वाड्याला आणि कळपाला दोन वेगळे शब्द आहेत. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे 'वाडा'च पडला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलातही तेच. एका शब्दाने किती कुंपणं घातली असतील कोण जाणे. आपल्या मराठीत 'कळप'च आहे, याचा मला उगाच अभिमान वाटला.

कळप म्हटलं की वर्धा रोडकडचे काठेवाडी मेंढपाळ आठवतात. उंट, बायकांचे काळे कपडे, आणि सोयाबीन निघालेल्या रानात मेंढ्याच मेंढ्या. लहानपणी एकदा नाल्यावर दोन कळप पाण्याला आले आणि पार मिसळले. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत निवडत बसतील. एकाने जिभेने टकटक आवाज काढला, दुसऱ्याने लांब हेल दिला, आणि मेंढ्या आपोआप फुटल्या. कुणी खुणा तपासल्या नाहीत. पाणी पिताना तर कोण कुणाची, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

आत्ताच धाकट्याचा फोन येऊन गेला. कबरीच्या दगडावर २३ वं स्तोत्र घालायचंय, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. थोरल्याचंही तेच म्हणणं. मी म्हटलं, मग अडलं कुठे?

वर क्रूस नुसता कोरायचा की त्यावर येशूची मूर्तीही बसवायची, यावर.