मठार बघायला कसब्यात

पुण्यात कसबा गणपतीचं दर्शन घेऊन निघालं की तांबट आळी पायी जवळच. पत्ता फारसा विचारावा लागत नाही, ठकठक आधी कानावर येते. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर, इथे वसले. पुढे घराघरातले हंडे, घागरी, कळश्या, बंब त्यांच्याच हातचे.

एका ओसरीवर काका घंगाळाला मठार, म्हणजे ओळीने हातोडीचे ठोके, देत बसले होते. रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर भांडं आडवं, डाव्या हाताने ते केसभर सरकवायचं आणि उजव्या हाताने गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचा ठोका. ठोक्याला लागून ठोका, ओळीखाली ओळ. आखणी कुठेच नाही. मी आवाजात ओरडून विचारलं, "काका, नक्षी चुकत नाही का?"

"नक्षी नंतर हो ताई. आधी भांड्याला ताकद यायला हवी."

भट्टीत लाल केलेलं तांबं मऊ पडतं, थोड्या दाबानेही चेपतं. ठोके खाऊन ते कडक होतं. म्हणून तर पातळ पत्र्याची घागर भरून उचलली तरी पोचे येत नाहीत. पॉलिश केलेल्या हातोडीमुळे प्रत्येक ठिपका आरशासारखा चमकतो, ती शोभा वरकमाईची! यंत्रावर छापलेल्या मठारात सगळे ठिपके एका मापाचे असतात. हाताच्या कामात एखादी ओळ जरा तिरकी जातेच, आणि मला तीच आवडते.

हल्ली बंबाला गिऱ्हाईक मुख्यतः सजावटीचं. हॉटेलांच्या दारात त्यात मनीप्लांट लावलेला दिसतो. दिसतो छान, नाही म्हणत नाही. पण मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि बाजूला तोटी, अशी अक्कल लढवून केलेल्या वस्तूची कुंडी झालेली पाहून मला हळहळ वाटते. त्यापेक्षा देवघरातलं ताम्हण, पळी-पंचपात्री बरी. शोभेचीही आणि रोजच्या वापरातलीही.

स्वयंपाकाचं पातेलं घ्यायचं तर कल्हई हवीच. नाहीतर ताक कळकतं, चिंचेची आमटी तर पोटालाच बाधते. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवायचं. पांढरा धूर उठतो आणि तांबूस पोट बघता बघता रुपेरी होतं. कल्हई झिजली की पुन्हा करून घ्यायची. पाण्याच्या भांड्याला तिची गरज नाही.

मी पाण्यासाठी एक तांब्या घेतला. भाव वजनावर, मजुरी वेगळी. घासाघीस करून पाहिली, पण काकांनी तांब्या तराजूत ठेवला आणि काटा माझ्याकडे फिरवला. घासायचा कशाने, विचारलं तर म्हणाले, "चिंच किंवा लिंबू-मीठ. तारेची घासणी लावलीत तर परत माझ्याकडे येऊ नका."