काकू, ढवळू नका

जन्मभर ढवळत आले. बासुंदी लागू नये म्हणून, कढी फुटू नये म्हणून, पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. साठी उलटल्यावर तैलरंग शिकायला गेले, तर सर म्हणाले, "काकू, ढवळू नका."

चित्रासाठी मी विश्वामित्री निवडली. माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, त्यामुळे दुसरी नदी मनात आलीच नाही. काळाघोड्याजवळच्या पुलावरून सकाळी फोटो काढला आणि मोठ्या हौसेनं इंप्रेशनिस्ट पद्धतीनं रंगवायचं ठरवलं. त्या पद्धतीचा फ्रेंच चित्रकार क्लोद मोने तर होडीचाच स्टुडिओ करून सेन नदीत बसायचा. आमच्याकडे ती सोय नाही. मगरी आहेत.

पावागडावरून निघताना विश्वामित्री कशी असेल ती असो, शहरात येईपर्यंत गढूळ होते. म्हणून मी गढूळ रंग करायला घेतला. तपकिरीत हिरवा, मग पिवळा, मग निळा, मऊ दिसावा म्हणून पांढरा. छान घोटला. कॅनव्हासवर नदीच्या जागी सारवलेलं अंगण तयार झालं. ज्या गावात १९५० पासून चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांनी चित्रकला शिकवली, त्या गावात!

सरांनी नाइफनं सगळं खरवडलं. मला वाईट वाटलं, जास्त करून रंगाच्या किमतीचं. "चिखल दाखवायला चिखल लावायचा नाही," ते म्हणाले. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी अर्धेच मिसळायचे, बाकीचे रंग फटकाऱ्या-फटकाऱ्यानं शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांचं. काळी ट्यूब त्यांनी आधीच काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पुलावर डोळे किलकिले करून उभी राहिले. लोकांना वाटलं, मगर दिसली. चार-पाच जण शेजारी येऊन थांबलेसुद्धा. मी बघत होते ती पुलाखालची सावली. ती जांभळट होती. गढूळ पाण्यावर मधोमध आभाळाचा फिकट पट्टा होता, काठाशी शेवाळी हिरवा. इतकी वर्षं रिक्षातून हीच नदी ओलांडत होते मी.

पण हात ऐकत नाही. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. म्हणजे चित्र दिवसेंदिवस ओलं, आणि येता-जाता "इथे जरा सारखं करू का?" हा मोह. एकदा केलंच. पट्टा गेला, अंगण परत आलं.

मगर मात्र मी जीव ओतून काढली होती. बारीक ब्रशनं एकेक खवला, दातसुद्धा. सरांनी तिच्यावरून चपटा ब्रश एकदाच ओढला. जवळून बघितलं तर नुसता डाग. दारापाशी गेलं की पोट टेकून ऊन खात पडलेली.

पॅरिसमधल्या १८७४ च्या प्रदर्शनात मोनेचं चित्र पाहून एका टीकाकारानं लिहिलं होतं की, याच्यापेक्षा अर्धवट वॉलपेपरसुद्धा जास्त पुरा वाटतो. आमच्या ह्यांनी फक्त विचारलं, "अजून किती दिवस लागतील?"

चित्र सध्या कपाटावर वाळतंय. काल पाहिलं तर आभाळाच्या पट्ट्यात एक चिलट चिकटलेलं. चिमट्यानं काढायला गेले, मग दारापाशी जाऊन पाहिलं. तिथून ते टिटवीसारखं दिसतं. सरांना सांगितलेलं नाही.