पाण्याची बाटली कुठे ठेवावी

पुतण्याने यंदा सायकलच्या शर्यतीत उतरायचे ठरवले आणि "काका, आधी कोणतं पुस्तक वाचू?" असे विचारले, तेव्हा मी कपाटातून जो फ्रील यांचे ‘द सायकलिस्ट्स ट्रेनिंग बायबल’ काढून दिले. १९९६ साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकाच्या माझ्या प्रतीत चेनच्या तेलाचे अंगठे उमटलेले आहेत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रंगांच्या स्केचपेनांनी आखलेले बावन्न आठवड्यांचे वेळापत्रक आहे, जे पहिल्या पावसात बारगळले. फ्रील वर्षाचे तुकडे पाडतात: आधी पाया, मग शर्यतीला लागेल तसा जोर, मग शर्यत आणि त्यानंतर चक्क सुट्टी. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सराव मुद्दाम हलका करायचा, कारण ताकद वाढते ती पेडल मारताना नव्हे, तर नंतरच्या विश्रांतीत. वाचताना मला हे पुरेपूर पटले होते. पहाटे पाचला मित्र खाली उभे राहून घंटी वाजवू लागले की पटेनासे होई.

दुसरे पुस्तक हंटर अॅलन आणि अँड्र्यू कॉगन यांचे, ‘ट्रेनिंग अँड रेसिंग विथ अ पॉवर मीटर’. पॉवर मीटर म्हणजे पेडल मारण्याची शक्ती वॅटमध्ये मोजून दाखवणारे सायकलवरचे यंत्र. हे सलग वाचण्याचे पुस्तक नव्हे. साधारण तासभर टिकवता येईल इतकी शक्ती म्हणजे ‘एफटीपी’. ती काढण्यासाठी वीस मिनिटे जीव तोडून सायकल मारायची आणि सरासरीतून पाच टक्के वजा करायचे. माझी सरासरी २०० वॅट आली, म्हणजे हिशेबी १९०. जुन्या काळचे शंभराचे दोन दिवेसुद्धा मला तासभर धड पेटते ठेवता येणार नाहीत. चढावर या आकड्याला वजनाने भागायचे असते. माझा भागाकार अडीचवर थांबला आणि रात्रीच्या जेवणातला भात त्याच दिवशी कमी झाला.

तिसरे पुस्तक मी मुद्दाम मागे ठेवले आहे. टिम क्राबे या डच लेखकाची ‘द रायडर’ ही छोटी कादंबरी मूळ भाषेत १९७८ साली आली. फ्रान्सच्या सेवेन डोंगररांगांतली १३७ किलोमीटरांची एकच शर्यत, आणि तीही किलोमीटरच्या आकड्यांनी पुढे सरकणारी. सराव कसा करावा हे त्यात कुठेही सांगितलेले नाही, पण पुढचा सायकलस्वार सुटून जाताना आपण त्याच्यामागे का जात नाही, याचा जो काटेकोर जमाखर्च क्राबे मांडतात तो मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. त्यातच आंकेतीलचा किस्सा आहे. पाच वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला हा गडी म्हणे चढ लागला की पाण्याची बाटली सायकलवरून काढून पाठीच्या खिशात ठेवी, म्हणजे सायकल हलकी होते! दोघांचे मिळून वजन तेवढेच राहते, हे कॉगन यांचा कोणताही वाचक क्षणात सांगेल. चढाचे फोटो पाहावेत तर बाटली जागच्या जागी दिसते, हे क्राबे स्वतःच सांगतात आणि तरीही किस्साच खरा मानतात.

मागच्या महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर, मी बाटली काढून पाठीच्या खिशात कोंबली. पडद्यावरचा वॅटचा आकडा तसूभर हलला नाही, सायकल मात्र शपथेवर सांगतो, हलकी झाली. मागून पहिली दोन पुस्तके वाचून झालेल्या पुतण्याची हाक आली, "काका, बाटलीचा केज तुटला का?"