आरगॉनमध्येही निळा

अमोनियाला नायट्रोजन लागतो आणि आरगॉन वायूत तो नसतोच. आरगॉनमधून अमोनिया निघणं म्हणजे दगडाला पान्हा फुटणं. त्या गुरुवारी तो फुटला. अमोनिया असला की निळी होणारी रसायनं, सॅलिसिलेट, नायट्रोप्रुसाइड, हायपोक्लोराइट, घालून दोन तास अंधारात ठेवलेल्या दोन्ही बाटल्या, एक नायट्रोजनची, एक आरगॉनची, सारख्याच निळ्या.

आमचं काम लोह मिसळलेल्या टायटॅनियावर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीवर. श्राउझर आणि गुथ यांनी १९७७ साली असल्याच पावडरीवर पाणी आणि प्रकाश वापरून नायट्रोजन फोडून अमोनिया केल्याचं छापलं, तेव्हापासून हे वेड चालू आहे. कारखान्यात याच कामाला ४००-५०० अंश आणि प्रचंड दाब लागतो. आमच्या ५० मिलिग्रॅम पावडरीतून चार तासांत ३४ मायक्रोग्रॅम अमोनिया. एवढा कुठूनही येऊ शकतो, म्हणून आरगॉनची चाचणी पहिल्या आठवड्यात करायची असते. आम्ही चौदाव्या महिन्यात केली, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, पाठवून झाल्यावर. सर म्हणायचे, "अगं, आधी आकडा तर वाढू दे."

गॅस आम्लातून धुऊन घेतला, पाणी बदललं, बाटल्या बदलल्या. निळा कायम. शेवटी दिवा न लावता पावडर नुसती पाण्यात ढवळली. फिका, पण निळाच.

डिपार्टमेंटला ओव्हन एकच. वरच्या कप्प्यात माझी पावडर, पेट्रीडिशमध्ये उघडी. खालच्या कप्प्यात शेजारच्या ग्रुपचा निकेलचा गाळ, लिकर अमोनियाने (अमोनियाच्या तीव्र द्रावणाने) पाडलेला, रात्रभर ८० अंशांवर. टायटॅनियाचा पृष्ठभाग आम्लधर्मी, अमोनिया मिळाला की धरून ठेवतो. दिव्याने पाणी कोमट झालं की सोडतो.

हे आधी का दिसलं नाही? शून्य मिनिटाचा नमुना आम्ही पावडर टाकण्याआधीच काढायचो. आधीच्या मुलाच्या वहीत तसं होतं. आलेख पहिल्या तासात चढायचा आणि मग सपाट. त्या सपाट रेषेसाठी मी पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा बुजतात, असा अख्खा परिच्छेद लिहिला होता. वाचताना तो अजूनही पटतो, हीच पंचाईत.

आता पावडर वेगळ्या भट्टीत ४०० अंशांवर भाजते, झाकण लावून ठेवते. निळा जवळजवळ गेला. सोक्षमोक्ष लावायला नायट्रोजन-१५ हवा, म्हणजे जड नायट्रोजन, जो अमोनियात सापडला तर तो आमच्याच गॅसमधून आला हे कळतं. खरेदी विभाग त्यासाठी तीन कोटेशन मागतो, देणारा विक्रेता एकच.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतला. सर रागावले नाहीत. फक्त विचारलं, "पण आरगॉनपेक्षा थोडा तरी जास्त येतोय ना?"

येतो. रोज येत नाही.