उत्तरेकडची भिंत आणि नऊ आठवडे : माझा अनुभव

बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याजवळ आमचे एकमजली घर आहे. माझ्या सासऱ्यांनी ते 1964 साली बांधले आणि त्याच पावसाळ्यात उत्तरेच्या कुंपणाजवळ विलायती शिरीषाचे रोप लावले. आज त्या झाडाची सावली घरावर, अंगणावर आणि पलीकडच्या गल्लीवरही पडते, आणि मे महिन्याच्या दुपारी ओटीवर बसता येते ते केवळ तिच्यामुळे. मात्र तीच सावली उत्तरेकडच्या भिंतीवर आधी हिरवे शेवाळ आणते, मग त्याचे काळे ओघळ होतात आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर गिलावा हाताने दाबला तरी भुसभुशीत लागतो. ही भिंत दुरुस्त करून रंगवण्यासाठी मला 2025 सालचा जानेवारी ते नोव्हेंबर एवढा काळ लागला. प्रत्यक्ष काम पाच आठवड्यांचे होते, बाकीचा काळ कुठे गेला ते सविस्तर लिहिते आहे.

मुळात या भिंतीला ऊन मिळते तरी कधी, हे मी आधीच समजून घेतले होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे तिला काहीच मिळत नाही. मार्चच्या विषुवदिनानंतर सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येऊ लागते. भर दुपारी सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो तो साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे त्यातला बहुतेक काळ ढगांचाच. त्यामुळे पावसाळ्याआधी उत्तरेची भिंत वाळवायची असेल तर हाताशी एप्रिल आणि मे हे दोनच महिने असतात, आणि तेव्हा फांद्या आड असतील तर तेही नसतात. आमच्या झाडाच्या दोन फांद्या तर भिंतीला टेकलेल्या होत्या, त्यामुळे परांची बांधणेही शक्य नव्हते. सगळे काम छाटणीवर अवलंबून होते आणि छाटणी परवानगीवर.

ही परवानगी घ्यावीच लागते, आणि ती घ्यावी लागते हे मला मनापासून योग्य वाटते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 पासून लागू आहे आणि झाड आपल्या आवारात असले तरी त्यावर मनमानी कुऱ्हाड चालवता येत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मी अर्ज, मालमत्ता पत्रकाची प्रत आणि तीन छायाचित्रे घेऊन संबंधित कार्यालयात गेले. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली आणि लवकरच पाहणीला माणूस येईल असे सांगण्यात आले.

कोणीही आले नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चौकशीला गेले तेव्हा ‘फाइल वर गेली आहे’ असे उत्तर मिळाले. वर म्हणजे कुठे, हे खिडकीवरच्या व्यक्तीला माहीत नव्हते. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा ज्या टेबलावर ती होती तेथील अधिकारी रजेवर होते. तिसऱ्या खेपेला मला दुसऱ्या मजल्यावर पाठवले आणि तेथून पुन्हा पहिल्या मजल्यावर. दूरध्वनी केला तर कोणी उचलत नसे. दरम्यान झाडाची पानगळ सुरू झाली. शिरीषाची इवलीशी पाने पन्हाळीच्या जाळीत अडकून चिकटतात आणि त्यांचा लगदा होतो. ती रोज काढताना प्रत्येक दिवस वाया जातो आहे ही जाणीव मला छळत असे. (जाळीपेक्षा उचलून रिकामी करता येणारी टोपली पन्हाळीच्या तोंडाशी ठेवलेली बरी, हे मला याच दिवसांत कळले. बारीक पानांच्या झाडाखाली जाळी उपयोगाची नाही.)

होळी झाल्यावर मी पाचव्यांदा गेले. त्या दिवशी टेबलावर एक तरुण कर्मचारी होत्या. त्यांनी उठून कपाटातून फाइल काढली, माझ्यासमोर उघडली आणि अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवले. मी लिहिले होते : ‘आमच्या आवारातील साठ वर्षांच्या शिरीषाच्या फांद्या तोडण्यास परवानगी मिळावी.’ त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हाला छाटणी करायची आहे ना? मग तोडणे असे का लिहिलेत?” घरात आम्ही फांदी तोडणे असेच म्हणतो, म्हणून मी तसे लिहिले होते. पण त्या शब्दामुळे अर्ज वृक्षतोडीच्या गठ्ठ्यात गेला होता. वृक्षतोडीसाठी वर्तमानपत्रात आणि झाडावर जाहीर सूचना लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यात 2021 सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे, आणि सासऱ्यांच्या झाडाचे वय मी अभिमानाने पहिल्याच ओळीत लिहिले होते. म्हणून फाइल आणखी एका टेबलावर अभिप्रायासाठी गेली आणि तेथेच राहिली.

झाडाचे वय लिहिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. ते खरे होते, आणि जुन्या झाडाची अधिक काळजी घेतली जावी हे मलाही हवे आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. अर्जासोबतच्या छायाचित्रांवर मी कोणत्या फांद्या ते लाल पेनाने दाखवले होते. नऊ आठवड्यांत ते पाहून कोणीही एक दूरध्वनी केला असता, किंवा पहिल्याच दिवशी खिडकीवर अर्ज वाचून घेतला असता, तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. अर्ज घेणाऱ्याचे काम केवळ शिक्का मारण्याचे नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या तरुण कर्मचाऱ्यांनी मात्र मला तेथेच बसवून नवा अर्ज लिहून घेतला : किती फांद्या, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या कारणासाठी, आणि बुंध्याला धक्का न लावता. आठवड्याभरात पाहणी झाली आणि रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी परवानगीपत्र हातात पडले. छायाचित्र काढताना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड एका चौकटीत घ्यावे, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या आधीच्या तिन्ही छायाचित्रांत बुंधा दिसत नव्हता.

उशिराची किंमत पुढे मोजावी लागली. दोर लावून चढणारी माणसे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली, तोवर भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या फांदीवर कावळ्याचे घरटे झाले होते. ती फांदी आम्ही तशीच राहू दिली. बाकीच्या फांद्या गाठीजवळून, मुख्य खोडाची साल न सोलता कापून घेतल्या. एका वेळी झाडाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक विस्तार कमी करू नये, आणि कंत्राटदार ‘एकदाच मोकळे करून टाकू’ म्हणाला तरी ऐकू नये.

शेवाळ धुण्याचे काम सरळ झाले. रंगारी ॲसिडचा कॅन घेऊन आला होता, तो मी परत पाठवला. ॲसिड सिमेंट खाते, आणि ब्लीचशी त्याचा संपर्क आला तर विषारी वायू निघतो. घरगुती ब्लीच एकास चार पाण्यात मिसळून, पंधरा-वीस मिनिटे ठेवून, नायलॉनच्या ब्रशने घासून धुतले. त्याआधी खालची झाडे साध्या पाण्याने भिजवून झाकून ठेवावीत. छज्जाच्या सांध्यात पिंपळाची तीन रोपे होती. ती वरून कापून उपयोग नसतो, कारण मूळ आत राहिले की पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट जोमाने येतात. गिलावा फोडून मूळ शेवटपर्यंत काढले आणि खाच पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली.

नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारून झाले आणि भिंत वाळायला सोडली. ती वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. हातभर प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून दिवसभर ठेवावे. आतून थेंब जमले तर भिंतीत ओल आहे. 18 मे रोजी थेंब होते. दोन दिवसांनी वळिवाच्या सरी आल्या आणि 26 मे रोजी, नेहमीच्या 11 जूनच्या कितीतरी आधी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद आधी नव्हती. बाकीच्या तीन भिंती रंगवून झाल्या होत्या. उत्तरेची भिंत मात्र प्रायमरशिवाय पाच महिने भिजत राहिली. जानेवारीपासूनचे ते नऊ आठवडे हाताशी असते तर ती मेच्या पहिल्या आठवड्यातच रंगवून झाली असती.

दिवाळीनंतर पुन्हा परांची बांधली, म्हणजे तिचे भाडे दुसऱ्यांदा भरले. खालच्या दोन फुटांवर पुन्हा शेवाळ आले होते, कारण फरशीवर पडणारे पाणी भिंतीवर उडत होते. तेथील फरशी काढून खडी टाकली, आणि त्याच वेळी बुंध्याभोवतीचे पेव्हर उचलून चौरस मीटरभर माती मोकळी केली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडे निघाले आणि शेवाळरोधक रंगाचे दोन हात झाले.

घरट्याची फांदी अजून भिंतीवर आहे. तिच्यासाठीचा अर्ज मी डिसेंबरच्या पहिल्याच सोमवारी दिला. खिडकीवरच्या गृहस्थांना तो आधी मोठ्याने वाचून दाखवला, ‘छाटणी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि फाइल कोणत्या टेबलावर जाणार ते पोचपावतीच्या मागे त्यांच्याकडून लिहून घेतले.