नियमित पैसे भरणाऱ्या गावाचा प्रश्न

पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करताना अनेक बैठकांना मी हजर राहिले आहे. परंतु 2022 च्या उन्हाळ्यात पुण्यात झालेली एक बैठक आजही मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आठवते. जिल्ह्यातील दोन नगरपरिषदा आणि नऊ ग्रामपंचायती यांनी आपापल्या स्वतंत्र योजना न करता एकाच धरणातून, एकाच जॅकवेलवरून (धरणाचे पाणी पंपाने उपसण्याची विहीर) आणि एकाच शुद्धीकरण केंद्रातून पाणी घ्यावे, आणि हा सारा कारभार एका संयुक्त समितीकडे सोपवावा, असा प्रस्ताव होता. दोन्ही शहरांपैकी कोणीच दुसऱ्याच्या कार्यालयात जायला तयार नव्हते, म्हणून बैठक शिवाजीनगरला ठेवली होती. तांत्रिक बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे होते.

अशा योजनेत नळ जोडणे सोपे असते, संस्था जोडणे अवघड. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी पंचायतींच्या यादीत आहे आणि बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा नगरपालिकांच्या यादीत आहे. म्हणजे नगरपरिषद ग्रामपंचायतीला हुकूम देऊ शकत नाही आणि ग्रामपंचायत नगरपरिषदेला अडवू शकत नाही. दोघांमधील पाण्याच्या वाटणीचा विचार जिल्हा नियोजन समितीने आराखडा करताना करावा, असे कलम 243 झेडडी सांगते. परंतु रोज सकाळी कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे शेवटी आपसातल्या करारनाम्यावरच ठरते. त्यात पैसाही दोन वाटांनी येणार होता: गावांसाठी केंद्राच्या जल जीवन मिशनमधून आणि शहरांसाठी केंद्राच्याच अमृत 2.0 योजनेतून. साहजिकच मापेही दोन होती. गावात माणशी दिवसाला 55 लिटर, आणि भुयारी गटार असलेल्या शहरात 135 लिटर. एका सरपंचांनी विचारले, "मॅडम, टाकी एकच, मग तहान दोन प्रकारची कशी?" निकषांचा आधार मी सांगितला, पण त्या उत्तराने माझेही समाधान झाले नाही, आणि शहरालगतच्या तीन गावांच्या नळाचा व्यास वाढत्या वस्तीचा विचार करून आम्ही नंतर वाढवला.

समितीत मते कशी मोजायची, यावर दीड तास गेला. शहरांना लोकसंख्येप्रमाणे मते हवी होती, गावांना प्रत्येक संस्थेला एक मत हवे होते. कॅलिफोर्नियात 1928 साली अनेक शहरांनी एकत्र येऊन दक्षिण भागासाठी जो महानगर जलजिल्हा स्थापन केला, त्याचे उदाहरण मी दिले. त्यांनी सुमारे 390 किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधून 1941 मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी आणले, आणि मतांचे वजन प्रत्येक शहरातील मालमत्तेच्या करमूल्यावर ठरवले. एवढे मोठे काम एकट्या शहराच्या आवाक्यातले नव्हते, हे सर्वांना पटले; परंतु मालमत्तेवर मत मोजणे आपल्याकडे कोणाला रुचणार नाही, हेही त्याच क्षणी स्पष्ट झाले. माझ्या मते ते योग्यच होते.

तोवर एक बाई शांतपणे ऐकत होत्या. नळाच्या अगदी टोकाला असलेल्या, टेलच्या गावाच्या त्या सरपंच. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मतांचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, आम्ही पट्टी महिन्याच्या महिन्याला भरली आणि वरच्या गावांनी नाही भरली, तर वीज कोणाची तुटणार?"

सभागृहात कोणी बोलेना. त्यांच्या भागातली एक जुनी प्रादेशिक योजना याच कारणाने बंद पडली होती. वीजबिल सर्वांच्या नावे एकच, थकबाकी काहींची, आणि पंप थांबला की पाणी बंद मात्र सर्वांचे. शिवाय धरणाकडून येणाऱ्या रायझिंग मेनवरच, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणाऱ्या मुख्य नळावरच, वाटेतल्या गावांनी टॅपिंग, म्हणजे मधूनच जोडणी, घेतलेली असल्याने, पंप चालू असतानाही टोकाच्या गावाला मिळे ती फक्त शिल्लक.

माझ्या नकाशावरही रायझिंग मेनवर दोन टॅपिंग होती. खर्च वाचतो म्हणून मीच ती दाखवली होती. दुपारच्या सुट्टीत मी जेवायला गेले नाही. पेन्सिलने ती दोन्ही खोडली आणि सर्व पाणी आधी टेकडीवरच्या मुख्य संतुलन टाकीत, ज्याला आम्ही एमबीआर म्हणतो, चढवून तिथून प्रत्येक संस्थेला स्वतंत्र फाटा काढला. प्रत्येक फाट्याला त्या संस्थेचे एकूण पाणी मोजणारे बल्क मीटर आणि प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह. खर्च वाढत होता, हे खरे. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला साधारण 0.4 युनिट वीज लागते, आणि वाटेतल्या दोन गावांचे पाणी आता गरज नसतानाही टेकडीवर चढणार होते. तो जादा भार सर्वांनी वाटून घ्यावा, असे मी मांडले.

दुपारनंतर करारनाम्याचे कलम नव्याने लिहिले गेले: स्थिर आकार राखीव हिश्श्याप्रमाणे, उरलेला आकार मीटरप्रमाणे, आणि प्रत्येक संस्थेची तीन महिन्यांच्या वीजबिलाएवढी ठेव स्वतंत्र खात्यात. थकबाकीदाराचा फाटा पूर्ण बंद करावा, असे एका मुख्याधिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्याला विरोध केला तो त्याच सरपंचताईंनी. "पैसे ग्रामपंचायतीनं बुडवले, तहानेनं पोरं का मरावीत?" असे त्या म्हणाल्या, आणि थकबाकीदाराचे पाणी ठरावीक किमान पातळीपर्यंतच कमी करावे, त्याखाली नाही, असे ठरले. ज्या गावाला वरच्यांच्या थकबाकीची सर्वाधिक झळ बसली होती, त्याच गावाने थकबाकीदारांची बाजू घ्यावी, याने मी हेलावून गेले.

सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत; ग्रामसभांचे ठराव व्हायचे होते. पुढे आठ गावांनी ठराव केले. एक गाव, स्वतःच्या विहिरीवर भरवसा ठेवून, बाहेर राहिले. त्यांच्या वाट्याची क्षमता नळात ठेवू नये, इतरांनी तिचा खर्च का सोसावा, असा आग्रह शहरांनी धरला. ती क्षमता ठेवावी, अशी लेखी टिपणी मी दिली, आणि टेलच्या गावाने तिला पाठिंबा दिला. बाहेर राहिलेल्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यालगत, ठरलेल्या व्यासाचा टी, म्हणजे फाटा काढण्याचा जोड, बसवून, त्याच्या तोंडावर ब्लँक फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावून ठेवली आहे.