थंडीत ते पिवळे पक्षी जातात कुठे?

थंडीत ते पिवळे पक्षी जातात कुठे, आणि आमच्या फीडरवर (दाणे घालून टांगायच्या भांड्यावर) ते फिरकत का नाहीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. उन्हाळ्यात इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या डेकवर चहाला आलेली मंडळी गोल्डफिंच नावाचे हे पिवळे पक्षी बघून हरखतात, घरी जाऊन फीडर टांगतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात फोन येतो, "अगं, ते पिवळे पक्षी फ्लोरिडाला गेले का गं? आमच्याकडे आता नुसत्या चिमण्याच येतायत."

त्या चिमण्यांकडे जरा निरखून बघा. त्यातल्या बऱ्याचशा चिमण्या नाहीतच.

न्यू जर्सीत गोल्डफिंच बारा महिने असतो. १९३५ पासून तो या राज्याचा राज्यपक्षी आहे (आयोवा आणि वॉशिंग्टन राज्यांचाही तोच). थंडीत तो जात कुठेच नाही, फक्त पिवळा राहत नाही. पीस एकदा पुरतं वाढलं की त्यात जीव उरत नाही, त्याला नवा रंग चढत नाही. रंग पालटायचा तर पीसच टाकून नवं आणावं लागतं. गोल्डफिंच शरद ऋतूत पंख-शेपटीसकट सगळी पिसं बदलतो, आणि हिवाळा सरता सरता अंगावरची पुन्हा एकदा. त्याच्या कुळातले बाकीचे फिंच हे काम वर्षातून एकदाच उरकतात. पिवळा रंग येतो तो खाण्यातल्या रंगद्रव्यांमधून. डोक्यावरची काळी टोपी मात्र शरीर स्वतः बनवतं.

गावाकडे विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे तुम्ही पाहिले असतील. ते विणणारा नर पावसाळ्याच्या तोंडावर पिवळाधमक होतो आणि हंगाम संपला की चिमणीत चिमणी म्हणून खपून जातो. नात्याने दोघे लांबचे, पण तऱ्हा तीच.

मग थंडीत ओळखायचा कसा? पंख बघा. अंग मातकट, किंचित हिरवट झालेलं असतं, पण पंख काळे, आणि त्यांवर फिकट आडवे पट्टे. हे पट्टे शरद ऋतूत नव्या पिसांमुळे सगळ्यात ठळक असतात, पुढे झिजत जातात. चिमणीच्या पाठीवर असतात तशा तपकिरी रेघा याच्या पाठीवर नसतात. नराच्या गळ्याशी पिवळ्याची पुसट झाक राहते. उन्हाळ्यातली नारिंगी चोचही करडी झालेली असते. आणि हा चिमणीपेक्षा बराच लहान, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. तरीही पटत नसेल तर उडताना बघा. पंख फडफडवून वर, मग पंख मिटून खाली, असा हेलकावे खात जातो आणि जाताना बोलतो. इथले पक्षीवाले म्हणतात की तो "पोटॅटो-चिप" म्हणतो. मला ते कधी तसं ऐकू आलेलं नाही.

एक मात्र खरं, की जानेवारीत तुमच्याकडे येणारे पक्षी जुलैतलेच असतील असं नाही. उत्तरेला कॅनडा आणि न्यू इंग्लंडकडचे काही खाली सरकतात, आपल्याकडचे काही आणखी दक्षिणेला जातात. त्यामुळे फ्लोरिडावाला तर्क अगदीच चूक नाही.

खरी गंमत मार्च-एप्रिलची. सासूबाई एकदा नेमक्या तेव्हा आल्या होत्या. खिडकीशी बसून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, याला अर्धीच हळद लावून सोडलंय!" तंतोतंत. छातीवर पिवळं, पाठीवर मातकट, डोक्यावर काळे ठिपके, सगळं अर्धवट. काही जण तर आजारीच वाटतात. मेपर्यंत सगळे लख्ख होतात.

त्याच मुक्कामात सासूबाईंनी गराजमधली दाण्याची पिशवी उघडून बघितली. "ही तर आपली कारळं!" दाणे बोटांत चोळून वास घेतला आणि चटणीला लसूण सोलू का विचारलं. कारळंच ती, शंका नाही. दुकानात पिशवीवर नायजर लिहिलेलं असतं, जुने लोक अजून थिसल म्हणतात, पण थिसल नावाच्या काटेरी झाडाचं हे बी नव्हे. पिशवीवर माल कधी इथिओपियाचा असतो, कधी भारताचा. अकोले-इगतपुरीच्या डोंगरउतारांवर पावसाळा संपताना पिवळी फुललेली शेतं असतात ना, तेच पीक. इथे येणारा माल भाजल्यासारखा तापवलेला असतो, म्हणजे त्यातून आलेलं अमरवेलीसारखं तण इथल्या शेतांत उगवू नये. पक्ष्यांसाठीचा माल म्हणून चटणीला मी नाही म्हटलं आणि इंडियन ग्रोसरीतून वेगळं पाकीट आणलं. ती चटणी भाकरीबरोबर संपलीसुद्धा, पण सासूबाईंना काही माझं म्हणणं पटलं नाही.

"आमच्याकडे फीडर आहे, पण पक्षी फिरकतच नाहीत," हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझा पहिला संशय दाण्यावर. कारळ्यात तेल भरपूर, ते खवट होतं किंवा दाणा सुकून जातो. खवट कारळ्याची चटणी आपण खात नाही, गोल्डफिंच तरी का खाईल? चार दाणे कागदावर नखाने चिरडा. तेलाचा डाग पडला तर ठीक, नुसती भुकटी झाली तर पिशवी टाकून द्या. आणि मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. पावसाने फीडरच्या तळाशी दाण्यांचा गोळा होतो, त्याला बुरशी येते. वरून नवे दाणे ओतत राहिलात तर तो गोळा तसाच खाली सडतो.

फीडरखाली काळा सडा पडतो तो बघून "किती नासाडी करतात" असं म्हणू नका. मी दुर्बिणीतून हे पुष्कळदा पाहिलंय. बारीक भोकातून दाणा चोचीत धरला जातो, चोचीच्या कडेला सरकतो, जीभ त्याला फिरवते, मग चोच दोन-तीनदा हलते आणि टरफल गालाच्या बाजूने घरंगळतं. गर आत गेलेला असतो. हे इतकं चटकन होतं की पक्षी नुसता बसलाय असं वाटतं. पडलेलं टरफल दिसायला अख्ख्या दाण्यासारखंच असतं, म्हणून फसायला होतं.

हा जवळजवळ पूर्ण शाकाहारी पक्षी. चिमण्या पिल्लांना अळ्या भरवतात, हा अर्धवट पचलेल्या बिया भरवतो. काउबर्ड नावाचा पक्षी कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, गोल्डफिंचच्याही घालतो, पण नुसत्या बियांवर त्याचं पिल्लू सहसा तीन दिवसही काढत नाही. घरटं बांधायची घाईही याला नाही. रॉबिनची पिल्लं उडून जातात तरी याचं काही हलत नाही, कारण थिसलचा कापूस सुटायची वाट बघत असतो. जून संपता संपता किंवा जुलैत मादी त्या कापसाचं अस्तर लावून इतकं घट्ट घरटं विणते की त्यात पाणी साठू शकतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात फीडरवर कटकट करणारी, पंख थरथरवत आईबापांच्या मागे लागलेली पिल्लं दिसली, तर ती उशिराची नाहीत, वेळेवरचीच आहेत.

फीडर लावलात तर धुवायचा कंटाळा करू नका. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग स्वच्छ धुऊन खडखडीत वाळवणं, निदान पंधरवड्यातून एकदा. १९९४ पासून इकडे हाउस फिंच या त्याच्या भाऊबंदांमध्ये डोळे सुजण्याचा रोग पसरलाय, तो गोल्डफिंचलाही होतो. सुजलेल्या, चिकट डोळ्यांचा पक्षी दिसला की मी फीडर उतरवते आणि काही दिवस टांगत नाही.

आणि ऑक्टोबरात बाग साफ करायची तर कोनफ्लॉवर आणि सूर्यफुलांची वाळकी बोंडं तेवढी ठेवा. फीडर नसला तरी त्यांच्यासाठी गोल्डफिंच येतात, देठाला उलटे लटकून खातात. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं होतं, वाळलेली झाडं काढा म्हणून. पुढची काढली. मागची उभी आहेत, ती रस्त्यावरून दिसत नाहीत.